पदवीचे मोल

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत आनंदामागोमाग शुल्काची चिंता येते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. देणगी भरून कर्नाटकात जाणाऱ्या मुलांची त्यामुळे गावाजवळ सोय झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पुढे शिक्षणाचा बाजारही याच वाटेने आला. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला, तर २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आणले.

कायदा शुल्काला वेसण घालील. त्या पैशांत विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, हे मात्र पालकांनीच पाहायचे आहे. पूर्णवेळ प्राध्यापक आहेत काय? प्रयोगशाळेचे कुलूप उघडते काय? कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे विचारलेच पाहिजे.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे. तरीही आयटीआयमधून हाती कसब घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाचे स्थळ आले की आपण नाक मुरडतो. पदवीचा भाव संस्थाचालकांनी वाढवला, तसा आपल्या या खोट्या प्रतिष्ठेनेही वाढवला. ज्ञानासाठी पोटाला चिमटा अवश्य घ्यावा. नावापुढच्या अक्षरांसाठी घर गहाण टाकू नये.