विटाळ कुणाचा?

२० मार्च १९२७. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मागाहून आपल्या बापजाद्यांनी घेतलं. तळं बाटलं म्हणून सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध करून घेतलं.

आता माझ्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारला या. वर काठावर गाव, खाली उल्केनं पाडलेलं खारं सरोवर. गाव वाढलं, संडास वाढले, सांडपाणी वर्षानुवर्षं खाली वाहत आलं. कुणी म्हणालं का, सरोवर बाटलं? नाही. त्याला म्हणायचं प्रदूषण! आपली ओंजळ लागली तर विटाळ, यांचा संडास वाहिला तर प्रदूषण. विटाळाला जात असते. प्रदूषणाला कुणी बापच नाही.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पेपरवाले धावले, हायकोर्टानं दखल घेतली, पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागलं. बरं झालं. सरोवराशी माझं भांडण नाही. पण गावाच्या गटारात कमरेइतका उतरणाऱ्या माणसाचं अंग लाल होतं, ते कोणती प्रयोगशाळा तपासते?

लोणार काय, खामगाव काय, मलकापूर काय. शहर वाढलं की घाण वाढते, आणि घाण उपसायला माणूस जातीवरूनच शोधतात. हातानं मैला काढणं १९९३ ला कायद्यानं बंद. २०१३ ला पुन्हा बंद. एकदा बंद केलेलं दुसऱ्यांदा काहून बंद करावं लागते? गटारात मेला तर सुप्रीम कोर्टानं २०१४ ला १० लाख ठरवले, २०२३ ला ३० लाख. मेलेल्याचा भाव वाढला. जित्याच्या हातात मात्र ठेकेदाराचं खोरं.

आता बोट आपल्याकडं. १९५६ ला आपण दीक्षा घेतली. पण मित्रांनो, मेहतर वस्तीत बसून तुम्ही कधी चहा प्यालात? मीही कित्येक वर्षं गेलो नव्हतो. लाज वाटते म्हणून लिहितो. त्यांचा विटाळ आपल्याही मनात असेल तर महाडचं पाणी आपल्याला पचलंच नाही.

येत्या १४ एप्रिलला मिरवणूक त्या वस्तीतून काढा. मग तिथल्यांना घेऊन नगरपरिषदेवर चला. गटारात माणूस नको, यंत्र पाहिजे. यंत्रावर पक्की नोकरी पाहिजे, आणि ती साऱ्या जातींना वाटून. घाण साऱ्या गावाची हाये. जय भीम.