एका ओळीचा इलाज

डिसेंबर २०२३नंतर ब्लूटूथची नवी दुरुस्ती आली आणि लिनक्सवर, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जुने खेळ खेळणाऱ्या अनेकांचा सोनीचा ड्युअलशॉक ३ कंट्रोलर एकाएकी रुसला. केबल लावली की चालतो. केबल काढली की चार दिवे लुकलुकतात आणि विझतात. त्यावर इलाज ठरलेला : ‘इनपुट.कॉन्फ’ फाइल उघडा, ‘क्लासिकबाँडेडओन्ली’पुढे ‘फॉल्स’ लिहा, ब्लूटूथ सेवा पुन्हा सुरू करा. कंट्रोलर जोडला जातो आणि विषय तिथेच मिटतो.

दुरुस्तीने ती ओळ ‘ट्रू’ कशासाठी केली होती, हे मात्र कुणी विचारत नाही. सुरक्षा संशोधक मार्क न्यूलिन यांनी दाखवून दिले होते की, यंत्र ब्लूटूथवर इतरांना दिसत असेल, तर टप्प्यातला कुणीही कीबोर्ड असल्याचे भासवून परवानगीविना जोडणी करू शकतो आणि हव्या त्या कळा दाबू शकतो. यावरचा उपाय, म्हणजे ही ओळ ‘ट्रू’ करणे, २०२०पासून तयार होता. जुनी उपकरणे अडू नयेत म्हणून तो बंद ठेवलेला होता. साडेतीनहून अधिक वर्षांनी तो चालू झाला आणि ड्युअलशॉक ३ अडला. कारण सोनीने त्याची जोडणी आपल्याच पद्धतीने केली आहे. यूएसबी केबल लावली की यंत्राचा ब्लूटूथ पत्ता कंट्रोलरमध्ये लिहिला जातो. सांकेतिक किल्ल्यांची रीतसर देवाणघेवाण होतच नाही.

खरी गोम पुढे आहे. ‘फॉल्स’ची सूट त्या एका कंट्रोलरला मिळत नाही. ती सगळ्यांना मिळते, कीबोर्ड म्हणवून येणाऱ्या परक्यालाही. रास्पबेरी पायवर जुने खेळ चालवणाऱ्या रेट्रोपायचेच पाहा. एफ४ दाबले की खेळांची यादी बंद होते आणि टर्मिनल समोर येते. ‘पाय’ हा वापरकर्ता आधीच आत शिरलेला असतो. सर्वाधिकाराने आज्ञा चालवणारे ‘सूडो’ त्याला पासवर्डही विचारत नाही. आणि ही पेटी बहुधा घरच्याच वायफायवर असते, जिथे बाकीचे संगणक आणि फोन असतात.

जुना कंट्रोलर टाकून द्या, असे कुणी म्हणू नये. चांगली वस्तू आहे, वापरावी. पण ‘फॉल्स’ लिहायला सांगणाऱ्याने त्यामुळे काय उघडे पडते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. ऐकणारा बहुतेक वेळा नवखा असतो. कंट्रोलर चालला, एवढेच त्याला दिसते. केबल लावून खेळता येते, हे त्याला सांगा. ड्युअलशॉक ४ असेल तर शेअर आणि पीएस ही बटणे एकत्र दाबून धरली की तो रीतसर जोडला जातो आणि त्या ओळीला हात लावावा लागत नाही, हेही सांगा. एवढे ऐकूनही ज्याला ‘फॉल्स’च हवे असेल, त्याने निदान यंत्राचे ‘डिस्कव्हरेबल’, म्हणजे इतरांना दिसणे, बंद ठेवावे आणि खेळ आटोपला की ब्लूटूथही.