पुलाच्या सांध्यातला फोम टिकणार का? खरी परीक्षा पावसाळ्यात

पापडीहून महामार्गाने मुंबईला निघाले की वसई खाडीवरचा वर्सोवा पूल लागतो. अशा पुलांवर ठरावीक अंतराने गाडीला हादरा बसतो, तिथे असतो प्रसरण सांधा.

फट कशासाठी?
काँक्रीट उन्हाने प्रसरण पावते, गारव्याने आकसते. 30 मीटरच्या गाळ्याचे तापमान 20 अंशांनी वाढले, तर लांबी सुमारे 7 मिलिमीटर वाढते. त्यासाठी जागा सोडावीच लागते.

फोम काय करतो?
फट उघडी राहिली की पाणी झिरपते, बेअरिंग आणि सळ्या गंजतात. खाडीच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. दाबून बसवलेला फोम फटीबरोबर दबतो, फुलतो आणि पाणी अडवतो.

चाचणी कशी हवी?
प्रयोगशाळेचा दाखला पुरेसा नाही. फट पहाटे आणि भर दुपारी मोजावी. सांध्यावर पाणी साठवून खालून ओल तपासावी. एक उन्हाळा, एक पावसाळा अवजड वाहने जाऊ द्यावीत. कडा ओल्या किंवा धुळकट असताना बसवलेला चांगला फोमही सुटतो.

बेअरिंग बदलायचे तर गाळा जॅकवर उचलावा लागतो, वाहतूक रोखावी लागते. त्यापुढे फोमचा खर्च किरकोळ. म्हणूनच कंत्राटदाराचे शेवटचे बिल पावसाळ्यानंतरच्या पाणी-चाचणीशिवाय निघू नये.