हाडांच्या गोळीतली लाख



पन्नाशी उलटली की आपल्या गप्पांत सुना-नातवंडांच्या आधी गुडघे येतात. मरोळ नाक्याला मेट्रोच्या दोन मार्गिका एकत्र आल्या, सोय झाली. पण सरकता जिना बंद असला की कुणाच्या गुडघ्यात किती दम उरलाय ते तिथंच कळतं. मग एकजण गुग्गुळ सुचवते, दुसरी शल्लकी, तिसरी हाडं जोडणाऱ्या कसल्याशा गोळ्या. आणि प्रत्येक सल्ल्याचा शेवट ठरलेला: "घे गं बिनधास्त, हर्बल आहे."

या 'हर्बल' शब्दाबद्दलच आज लिहायचंय. हाडांची आयुर्वेदिक गोळी झाडापासूनच आली असणार, असं आपण धरून चालतो. तसं धरून चालू नये. डबीवरची यादी वाचावी, वैद्यांना विचारावं आणि वनस्पतींचाच पर्याय मागावा. तो मिळतो, कारण जुन्या ग्रंथातच तो दिलेला आहे.

आधी घरातल्या डिंकापासून सुरुवात करू. डिंकाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, थंडीत सगळ्यांनाच करतो. बाभळीच्या किंवा धावड्याच्या खोडातून पाझरलेला चीक वाळला की डिंक होतो. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, तुपात फुलतो. राळ वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही, निखाऱ्यावर टाकली की सुवासिक धूर देते. गुग्गुळात आणि साळईच्या चिकात, म्हणजेच शल्लकीत, डिंक आणि राळ दोन्ही असतात, शिवाय थोडं सुगंधी तेल. धुपात पडतो तो गुग्गुळ हाच. त्याचं काटेरी झुडूप कच्छ, सौराष्ट्र, राजस्थानच्या कोरड्या भागातलं. साळई तर आपल्या सातपुड्यात, मेळघाटातही उभी असते. इथवर सगळं झाडाचंच आहे.

अडचण पुढे येते. हाड मोडलं, त्याला तडा गेला किंवा हाडं ठिसूळ झाली की वैद्य पुष्कळदा लाक्षादि गुग्गुळ देतात. कृती सोपी आहे. लाक्षा, अस्थिसंहार म्हणजे आपली कांडवेल, अर्जुनाची साल, अश्वगंधा आणि नागबला यांचा एकेक भाग, आणि या पाचांच्या वजनाइतका गुग्गुळ. पाचांपैकी चार वनस्पती आहेत. जिच्यावरून औषधाला नाव मिळालं, ती लाक्षा मात्र वनस्पती नाही.

लाक्षा म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किड्यांची वस्ती होते. ते झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. मादी त्या कवचातच जगते, तिथंच अंडी घालते. हे कवच फांदीवरून खरवडून काढलं की झाली लाख. खरवडताना आणि पुढे दळताना-धुताना आतले जीव जातात. फांदीला चिकटलेली ती तांबूस खपली बघून कुणालाही झाडाचाच डिंक वाटेल, म्हणून फसायला होतं. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या पळसांवर लाख पिकते. रांचीजवळ नामकुमला तिच्या अभ्यासासाठी १९२४ साली संस्था निघाली, इतका हा धंदा मोठा होता.

आता श्रावकानं टाळायची पंधरा कर्मादानं आठवा. दंतवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य यांच्या पंगतीत लाक्षावाणिज्य आहे. लाखेत जीवहिंसा आहे हे आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखून ठेवलं होतं. आपण ती यादी पाठ करतो, आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गोळ्या घेताना तिचा या गोळीशी काही संबंध असेल असं मनातही येत नाही.

लाख एकटी नाही. हाडांच्या पुष्कळ गोळ्यांत 'कुक्कुटाण्डत्वक् भस्म' असतं. संस्कृत नाव कसं भारदस्त वाटतं! अर्थ आहे कोंबडीच्या अंड्याचं टरफल. शुक्ति म्हणजे शिंपला, कपर्दिका म्हणजे कवडी, प्रवाळ म्हणजे पोवळं, शृंग म्हणजे हरणाचं शिंग, मधु म्हणजे मध. कॅप्सूल असेल तर तिचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. गोळीला चकाकी आणायला शेलॅक लावतात, तीही लाखच. डॉक्टर देतात ते ड जीवनसत्त्वसुद्धा बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून केलेलं असतं. ते दगडफुलाच्या जातीपासूनही करतात, विचारलं तर मिळतं.

आमच्या भागातल्या एका औषधाच्या दुकानात मी अशाच एका डबीबद्दल विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, आयुर्वेदिक आहे म्हणजे व्हेजच असणार." चूक त्या मुलाची नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पण त्याच्या भरवशावर आपण राहू नये. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे, औषधाला तो नियम लागू नाही. सौंदर्यप्रसाधनं आणि जीवरक्षक नसलेली औषधं यांत प्राणिज घटक आहे का हे ग्राहकाला कळलं पाहिजे, असा निकाल २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयानं दिला होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. तेव्हा ठिपक्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

पण दुसरा एक नियम आपल्या कामाचा आहे. १९४५ च्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतला १६१ वा नियम सांगतो की आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर सगळ्या घटकांची खरी यादी हवी, वनस्पती असेल तर तिचं शास्त्रीय नाव आणि कोणता भाग वापरला तेही हवं, आणि प्रत्येकाचं प्रमाण हवं. म्हणजे माहिती डबीवर असते. अक्षर बारीक असतं, भाषा संस्कृत किंवा इंग्रजी असते, एवढंच. चष्मा लावायचा, नाहीतर नातवाला फोनवर फोटो मोठा करून वाचायला लावायचं.

यावर तीन बोलणी मी नेहमी ऐकते.

पहिलं: औषधाला कसलं पाप? दुखणं अंगावर असताना सूट असतेच की. मला हे मान्य आहे, पण सूट दुसरा मार्ग नसेल तेव्हाची असते. इथं तो आहे. मोडलेल्या हाडाला ग्रंथांत 'भग्न' म्हणतात. त्या भग्नाच्या प्रकरणातच लाक्षादि गुग्गुळाच्या जोडीला आभा गुग्गुळ सांगितलाय. आभा म्हणजे बाभूळ. बाभळीची साल, त्रिफळा, सुंठ-मिरी-पिंपळी आणि गुग्गुळ, एवढंच त्यात. सांध्यांसाठी त्रयोदशांग गुग्गुळ आहे, तो वनस्पतींचा आणि तुपाचा. योगराज गुग्गुळही वनस्पतींचाच. 'महायोगराज' मात्र वेगळा, त्यात धातूंची भस्मं असतात, नागभस्म म्हणजे शिशाचंसुद्धा. तो वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये. हे पर्याय आपल्या मनानं बदलायचे नाहीत. वैद्यांना स्पष्ट सांगायचं, "आम्ही जैन, लाख, टरफल, मध नको, झाडाचं द्या." मधातून घ्यायला सांगितलं तर कोमट पाणी, दूध किंवा तूप चालेल का विचारायचं. रात्रीचा डोस सूर्यास्तापूर्वी बसवता येईल का तेही तेव्हाच विचारून घ्यायचं.

दुसरं: मी काही लाखेचा धंदा करत नाही, कर्मादान व्यापाऱ्याला. मी कॉमर्स शिकलेली बाई, मला हे पटत नाही. खरेदीच्या वहीत जी नोंद पडते ती कुणाच्या तरी विक्रीच्या वहीत पडतेच. घेणाऱ्याशिवाय वाणिज्य होत नाही. पळसावर लाख पिकवणाऱ्या गरीब घरांना मी नावं ठेवत नाही. त्यांचं पोट आहे. मी फक्त माझ्या वहीचं बोलते.

तिसरं: मग रेशमी साड्यांचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारीचा मला राग येत नाही. कुणी कुठं थांबायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ठरवायला आधी माहीत हवं. माहीत असून घेतलं तर तो आपला निर्णय, न कळता घेतलं तर आपल्यासाठी तो दुसऱ्यानंच घेतला.

आणि खरं सांगायचं तर माझा जीव स्वतःच्या गोळीपेक्षा दुसऱ्या दोन ठिकाणी जास्त गुंततो.

एक म्हणजे घरातल्या व्रती सासूबाई, आजी, आत्या. पडून खुबा मोडतो, मनगट मोडतं. जन्मभर ज्या बाईनं मधाचा थेंब तोंडात घातला नाही, तिला आपण दुधाबरोबर गोळी देतो आणि "साधी आयुर्वेदिक आहे हो" म्हणतो. तिला वाचता येत नाही, दिसत नाही, ती आपल्यावर विसंबून असते. तिचा नियम तिच्या अंथरुणावर आपण सांभाळायचा असतो.

दुसरी जागा औषधदानाची. आहार, औषध, ज्ञान, अभय, ही चार दानं आपण मुलांना शिकवतो. मुनिमहाराज, आर्यिका माताजी पायी विहार करतात, अनवाणी, डांबरी रस्त्यावरून. गुडघे त्यांचेही दुखतात. आहाराच्या वेळी चौक्यात जे औषध ठेवलं जातं तेच त्यांना मिळतं. त्या दुकानात जाऊन डबी फिरवून बघत नाहीत, शोधून देणं हे श्राविकेचं काम. भाज्या शोधताना आपण पान न् पान उलटून बघतो, पाणी गाळून घेतो. मग ठेवायच्या गोळीच्या डबीलाही तेच डोळे लावायला हवेत. चातुर्मासात चौका लावणाऱ्या प्रत्येक मंडळानं हे काम एका बाईकडे सोपवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं गुणाचंही. राळ घेतली म्हणून हाड नव्यानं बनतं, या भ्रमात राहू नका. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याची झीज झालेल्या तीस रुग्णांवर शल्लकीची चाचणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. पण एक्स-रेत काही फरक दिसला नाही. आपल्याला हवी असलेली गोष्ट यातून नीट कळते: साळई दुखणं हलकं करू शकते, झिजलेलं भरून काढत नाही. मोडलेल्या हाडाला प्लास्टर, नाहीतर शस्त्रक्रिया लागते. पाळी गेल्यावर बायकांना रोज १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं, असं २०२० चे राष्ट्रीय आहारनिकष सांगतात. ते दूध, तीळ, नाचणी, राजगिऱ्यातून जमवायचं. डिंकाच्या लाडवातही जोर आहे तो खारीक, खसखस, खोबऱ्याचा जास्त. थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गुग्गुळ घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच.

झाडाचं आहे म्हटल्यावरही हिशोब पुरा होत नाही. वनस्पतीही जीवच. गुग्गुळाचं झुडूप फार हळू वाढतं. जास्त चीक मिळावा म्हणून त्याला खोल चिरा देतात, रसायन भरतात, आणि पुष्कळदा झाड मरतं. आंतरराष्ट्रीय यादीत आज ते अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलं आहे. म्हणून गुग्गुळ गरजेपुरता घ्यावा. कुणी सांगितलं, शेजारणीनं दिलं, म्हणून तीन-तीन डब्या कपाटात पडू देऊ नयेत. अपरिग्रह औषधाच्या कपाटालाही लागू आहे.

पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: लाक्षा, कुक्कुटाण्डत्वक्, शुक्ति, शंख, कपर्दिका, प्रवाळ, शृंग, मधु, जिलेटिन, शेलॅक. पुढची डबी घेण्याआधी चिठ्ठी आणि लेबल शेजारी धरून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि तुमच्या वैद्यांनी वनस्पतींचा पर्याय दिला असेल तर त्याचं नाव मलाही कळवा, इतरांना सांगता येईल.