सोळा आण्यांचा हिशेब

'दोन ओळींचं तर काम आहे' हे वाक्य मला अलीकडे फार टोचतं. हॅशचे बाइट हेक्स अक्षरांत कसे लिहायचे आणि त्या अक्षरांवरून पुन्हा बाइट कसे करायचे, हे सी भाषा शिकणाऱ्या मुलांना कुणी समजावूनच सांगत नाही. दोन ओळी कुठून तरी उचलायच्या नि चिकटवायच्या! माझा याला साफ विरोध आहे. मी मराठीची बी.ए., सी शिकले ती निवृत्तीनंतर, नातीच्या पुस्तकावरून. तरीही बोलणार.

ज्यांना हे सगळं परकं आहे त्या नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगते. हॅश म्हणजे एखाद्या मजकुराचा किंवा फाइलचा ठरावीक लांबीचा ठसा. एमडी५ पद्धतीत तो १६ बाइटचा असतो, शा-२५६ मध्ये ३२ बाइटचा. बाइट म्हणजे ० ते २५५ पैकी एक संख्या. ती दोन खुणांनी लिहितात. खुणा सोळा, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ.

१९५७ साली नवे पैसे आले तरी आमच्या घरी हिशेब बरीच वर्षं आण्यांतच चालायचा. सोळा आण्यांचा रुपया. मग २१२ आणे म्हणजे किती? १३ रुपये ४ आणे. तेराची खूण डी, म्हणून २१२ हा बाइट 'डी४' असा लिहायचा. झालं रूपांतर! हे चौथीच्या मुलालाही कळेल, पण इंजिनिअरिंगच्या वर्गात सांगायला वेळ नसतो.

माझा मुद्दा एवढाच, की हे लिप्यंतर आहे. खरा ठसा म्हणजे ते बाइट. हेक्स ही माणसाच्या डोळ्यांसाठी काढलेली प्रत. मोडी कागद देवनागरीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो, कारण मोडीत तो भेद पाळतच नाहीत. इथे तसं काहीच हरवत नाही. हरवलं, तर ते लिहिणाऱ्यानं हरवलेलं असतं.

आता उदाहरण. एकही अक्षर नसलेल्या रिकाम्या मजकुराचा एमडी५ ठसा असा: डी४ १डी ८सी डी९ ८एफ ०० बी२ ०४ ई९ ८० ०९ ९८ ईसी एफ८ ४२ ७ई. रॉन रिव्हेस्ट यांच्या १९९२ च्या मूळ दस्तऐवजातच तो दिला आहे. (एमडी५ आता सुरक्षेच्या कामाचं राहिलेलं नाही, २००४ सालीच त्यातली खोट दाखवली गेली. शिकायला मात्र छान.) छापताना 'दोन घरं, रिकाम्या जागी शून्य' ही सूचना विसरलात तर ००, ०४ आणि ०९ यांचं एकेक शून्य गळतं नि ३२ ऐवजी २९ अक्षरं उरतात. कुठलं कुठे तोडायचं हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

नातीच्या कॉलेजात झेरॉक्स वाटली होती. तो कोड लॅबच्या यंत्रावर पडदाभर एफ-एफ-एफ छापत होता आणि तिच्या फोनवर अगदी बरोबर चालत होता. सर म्हणाले, "मग फोनवरचं उत्तर वहीत लिहा." धन्य! कारण अगदी साधं आहे. 'कॅर' या प्रकारात ऋण संख्या धरायच्या की नाही, हे सी भाषेनं मोकळं सोडलं आहे. नेहमीच्या इंटेल यंत्रांवर त्या धरतात, अँड्रॉइड फोनवर धरत नाहीत. म्हणून २१२ चे लॅबमध्ये उणे ४४ झाले आणि डी४ च्या आधी सहा एफ येऊन बसले. वरच्या ठशात असे दहा बाइट आहेत. ३२ च्या जागी ९२ अक्षरं छापली जातात. 'अनसाइन्ड' हा एक शब्द लिहिला की संपलं. रिव्हेस्ट यांच्या कोडमध्ये तो आहे, झेरॉक्समध्ये नव्हता.

यावर आमचे इंजिनिअर म्हणतात, तयार लायब्ररी असतात की. असतात, पण सीच्या प्रमाणित लायब्ररीत या कामाचं एकही फंक्शन नाही. त्यामुळे जो तो आपापलं लिहितो, नाहीतर उचलतो.

आणि उचलेगिरीचा हिशेब कधीतरी चुकवावा लागतोच. निन्टेन्डोचं वी हे खेळाचं यंत्र २००६ साली आलं. कंपनीचीच सही असलेला प्रोग्रॅम चालवायचा, असा त्याचा बंदोबस्त होता. त्यासाठी ते २० बाइटचे दोन ठसे ताडून बघायचं, पण मजकूर ताडणाऱ्या फंक्शननं! सीमध्ये मजकूर शून्य बाइटपाशी संपतो. दोन्ही ठशांचा पहिलाच बाइट शून्य असला तर पुढचे १९ न बघताच 'सारखे आहेत' असा निकाल. सहीच्या जागी नुसती शून्यं भरायची नि फाइलमध्ये किरकोळ बदल करत ठसा शून्यानं सुरू होईपर्यंत थांबायचं. सरासरी २५६ प्रयत्नांत काम फत्ते. २००८ च्या सुमारास हे सगळीकडे झालं. ठसा म्हणजे मजकूर नव्हे, एवढं कळलं असतं तर बाइट ताडणारं मेमकंप वापरलं गेलं असतं.

उलट्या दिशेची तर गंमतच. '७' या अक्षराच्या क्रमांकातून '०' चा क्रमांक वजा केला की सात मिळतात, म्हणून मुलं 'ए' मधूनही तेच वजा करतात. मिळतात ४९, हवे असतात १०. आणि मध्येच 'जी' आलं तर? थांबायचं आणि चूक दाखवायची, हे मी नातीकडून घोटून घेतलं आहे. आमच्या घरातल्याच एका अनुभवी इंजिनिअरच्या कोडमध्ये 'जी' आलं की गुपचूप शून्य धरतात. नाव सांगत नाही, तो हे वाचतो.