विश्लेषण : एआय मिनिटभरात वेबसाइट बनवत असताना विद्यार्थ्यांनी कोडिंग शिकावे का?

'माझ्या गावाची वेबसाइट बनवून दे' असे मराठीत लिहिले तरी चॅटबॉट आता मिनिटभरात तयार कोड देतो. दुसरीकडे, हजारो रुपये फीच्या वेब डेव्हलपमेंट कोर्सच्या जाहिराती विद्यार्थ्यांच्या फोनवर येत असतात. यंत्रच कोड लिहिणार असेल तर पहिली वेबसाइट स्वतः करून पाहण्यात अर्थ आहे का? अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

'व्हाइब कोडिंग'ने काय बदलले?

संगणकशास्त्रज्ञ आंद्रेय कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा शब्द रूढ केला. कोडची प्रत्येक ओळ न तपासता, काय हवे ते साध्या भाषेत सांगून एआयकडून प्रोग्रॅम करून घ्यायचा, अशी ही पद्धत. कॉलिन्स शब्दकोशाने २०२५ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. यामुळे पहिले पान तयार करणे सोपे झाले. पण पान मोबाइलच्या पडद्याबाहेर जाऊ लागले, मराठीऐवजी भलतीच चिन्हे उमटली किंवा फॉर्ममध्ये भरलेली माहिती नेमकी कुठे जाते हे कळेनासे झाले, तर कोड वाचता यावा लागतो. म्हणजे कोड लिहिण्यापेक्षाही तो वाचता येण्याला आता महत्त्व आले आहे. आणि स्वतः थोडे लिहिल्याशिवाय वाचता येत नाही.

सुरुवातीला किती शिकावे लागते?

भंडारदऱ्याच्या सहलीची माहिती देणारे पान घ्या. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, छायाचित्र कुठे, हे एचटीएमएल सांगते. रंग, अक्षरांचा आकार आणि मांडणी सीएसएस ठरवते. बटण दाबल्यावर छायाचित्र बदलणे हे जावास्क्रिप्टचे काम. टिम बर्नर्स-ली यांची १९९१ मध्ये जगासाठी खुली झालेली पहिली वेबसाइट केवळ मजकूर आणि लिंक यांचीच होती. पहिल्या प्रयत्नात तेवढेही पुरते. रोज बदलणारे कांद्याचे भाव दाखवायचे असतील, तर डेटाबेस आणि सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम लागतो. ती पुढची पायरी. मराठी पानात 'यूटीएफ-८' ही नोंद आवश्यक, कारण तिच्यामुळे देवनागरी अक्षरे नीट दिसतात.

जिल्ह्याच्या नामांतरातून काय शिकता येईल?

२०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. समजा, एखाद्या वेबसाइटच्या ४० पानांवर जुने नाव आहे. एआय ते क्षणात सगळीकडे बदलून देईल. पण संस्थांच्या नोंदणीकृत नावात आणि जुन्या पुस्तकांच्या शीर्षकात तो बदल चुकीचा ठरेल. पानाच्या पत्त्यातील नाव बदलले, तर इतरांनी दिलेल्या जुन्या लिंक तुटतील. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय करावी लागेल. शिवाय लोक सर्चमध्ये 'अहमदनगर', 'अहिल्यानगर' आणि नुसते 'नगर' असे तिन्ही शब्द टाकणार. काय बदलायचे आणि काय ठेवायचे, हा निर्णय वेबसाइट समजलेल्या माणसालाच घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम सराव आहे.

हे शाळा-महाविद्यालयात शिकवतात का?

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांसाठी माहिती तंत्रज्ञान हा ऐच्छिक विषय आहे. त्याच्या पाठ्यपुस्तकांत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी यांचा समावेश करण्यात आला. बारावीची ८० गुणांची परीक्षा ऑनलाइन आणि २० गुण प्रात्यक्षिकाला, अशी त्याची रचना. आयटीआयमधील 'कोपा' या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातही वेब पान तयार करणे शिकवले जाते. अडचण वेगळीच आहे. प्रात्यक्षिकाची उत्तरे पाठ करून गुण मिळतात, पण केलेले पान प्रयोगशाळेतील संगणकातच राहते. ते इंटरनेटवर टाकून चार जणांना दाखवले की चुका समजतात.

घरी संगणक नसेल तर?

एचटीएमएलची फाइल फोनवरील कोड एडिटर अ‍ॅपमध्ये लिहून ब्राउझरमध्ये उघडता येते. कंस आणि चिन्हे टाइप करणे कंटाळवाणे आहे, पण छोट्या पानासाठी जमते. 'गिटहब पेजेस'सारख्या सेवेवर असे पान मोफत ठेवता येते. स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन हवे असेल तरच दरवर्षी पैसे लागतात. देवनागरीतील '.भारत' डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. एक पथ्य मात्र पाळावे : पासवर्ड, आधार क्रमांक, मित्रांचे फोटो वा फोन नंबर परवानगीशिवाय पानावर टाकू नयेत.

मग क्लासची फी कधी भरावी?

आधी तीन पानांची वेबसाइट स्वतः करावी. अडेल तिथे एआयला 'करून दे' म्हणण्याऐवजी 'माझे कुठे चुकले ते समजाव' असे विचारावे. ती इंटरनेटवर टाकून आठवडाभर त्यात दुरुस्त्या कराव्यात. त्यानंतरही गोडी टिकली, तर डेटाबेस आणि सर्व्हरसाठी क्लासचा विचार करावा. तेव्हा प्रमाणपत्राऐवजी, तिथल्या आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या आणि आजही चालू असलेल्या वेबसाइट पाहायला मागाव्यात. एका वेबसाइटवर नोकरी मिळत नाही, हेही खरे. पण हे काम आपल्याला आवडते की नाही, हे ती फी भरण्याआधीच सांगते.