दरपत्रकाआधीचे प्रश्न

शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रतिनिधी एखाद्या प्रक्रिया उद्योगाच्या खरेदी विभागात जातो, तेव्हा त्याच्या पिशवीत मालाचा नमुना असतो आणि ओठांवर दर. नमुना टेबलावर ठेवला जातो, सभासदांची संख्या सांगितली जाते, 'आमचा माल एक नंबर आहे' हे वाक्य येते आणि पाचव्या मिनिटाला घासाघीस सुरू होते. ती सुरू झाली की निकाल जवळपास ठरलेलाच असतो. खरेदी अधिकाऱ्याकडे तसाच माल देणारे आणखी चार व्यापारी असतात आणि त्यांतला सर्वांत कमी दर तो प्रतिनिधीपुढे ठेवतो. त्या कारखान्याला नेमके काय हवे होते, हे मात्र संपूर्ण भेटीत कोणी विचारलेलेच नसते.

कंपनी कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीने 'उत्पादक कंपनी' हा प्रकार अस्तित्वात आला आणि 2020 मध्ये केंद्र सरकारने 10 हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. नोंदणी, भागभांडवल, लेखापरीक्षण, निविष्ठांचे परवाने यांवर प्रशिक्षणे होतात. खरेदीदाराशी बोलावे कसे, यावर क्वचितच. विक्री म्हणजे बोलघेवडेपणा, तो ज्याच्या अंगी असेल त्याच्या असेल, शिकवण्याचा तो विषय नव्हे, अशी समजूत त्यामागे दिसते. ती चुकीची आहे.

ब्रिटिश संशोधक नील रॅकहॅम यांनी एका व्यवसायाने दुसऱ्या व्यवसायाला केलेल्या विक्रीचा 12 वर्षे अभ्यास केला. सुमारे 35 हजार विक्रीभेटींच्या निरीक्षणातून निघालेले निष्कर्ष त्यांनी 1988 मध्ये 'स्पिन सेलिंग' या पुस्तकात मांडले. यशस्वी भेटींत विक्रेता कमी आणि ग्राहक अधिक बोलतो, हा त्यांतला एक. प्रश्नांचे त्यांनी चार प्रकार केले: सध्याच्या परिस्थितीविषयीचे, अडचणीविषयीचे, त्या अडचणीच्या परिणामांविषयीचे आणि ती दूर झाल्यास काय साधेल याविषयीचे. नवखा विक्रेता पहिल्या प्रकारातच रेंगाळतो. दिवसाला किती माल लागतो, कुठून घेता, गोदाम केवढे आहे, अशी चौकशी लांबली की समोरचा माणूस घड्याळाकडे पाहू लागतो. यांतील बरीच माहिती जाण्याआधीच मिळवता येते. खरे काम दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचे प्रश्न करतात.

बटाट्यात हे स्पष्ट दिसते. चिप्सच्या कारखान्याला आकाराने मोठा, सालीने चकचकीत बटाटा एवढेच हवे असते, असे उत्पादकाला वाटते. कारखान्याची चिंता वेगळीच असते. बटाट्यात क्षपणकारी शर्करा अधिक असेल तर तळताना काप तपकिरी पडतात आणि लॉट वाया जातो. शुष्क पदार्थ कमी असेल तर किलोमागे चिप्स कमी निघतात आणि तेल अधिक शोषले जाते. खाण्याचा बटाटा ज्या 2 ते 4 अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवतात, तिथे स्टार्चचे रूपांतर साखरेत होते. म्हणून प्रक्रियेचा बटाटा 10 ते 12 अंशांवर, कोंबप्रतिबंधक वापरून साठवावा लागतो. 'मागच्या हंगामात किती गाड्या परत पाठवाव्या लागल्या आणि कशामुळे?' हा एक प्रश्न विचारला, तर यांतले बरेच काही खरेदी अधिकारी आपणहून सांगतो. त्यापुढे 'गाडी परत गेली की त्या दिवशी यंत्रांचे काय होते?' असे विचारले, की बंद राहिलेल्या यंत्राचा खर्च त्याच्याच तोंडून बाहेर येतो. किलोमागच्या एका रुपयाची किंमत मग दोघांनाही वेगळी दिसू लागते.

आता ज्या कंपनीचे सभासद 'कुफरी पुखराज' लावतात, तिला या संभाषणातून एक कडू उत्तरही मिळेल. पुखराज भरघोस उत्पन्न देतो, पण त्यातील शुष्क पदार्थ कमी असल्याने तो चिप्सला योग्य नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 'कुफरी चिप्सोना' मालिकेतील वाण याच गरजेसाठी विकसित केले. आपला माल या ग्राहकासाठी नाही, हे पहिल्याच भेटीत समजणे हा तोटा नव्हे. गाडी परत आल्यावर समजणे हा तोटा.

मिरचीचे तर एकच पोते दोन खरेदीदारांना दोन वेगळ्या वस्तू वाटू शकते. रंगद्रव्य काढणारा कारखाना ब्याडगीसारख्या मिरचीकडे रंगासाठी पाहतो, तिखटपणाशी त्याला फारसे कर्तव्य नसते. तिखट अर्क काढणाऱ्याला गुंटूरकडची 'तेजा' हवी असते. निर्यातदाराला ओलावा आणि अफ्लाटॉक्सिन यांची धास्ती असते, त्यामुळे मिरची जमिनीवर वाळवली की ताडपत्रीवर, हे त्याला दराआधी जाणून घ्यायचे असते. तिघांनाही एकच दरपत्रक पाठवणारी कंपनी तिघांपैकी कोणाचेच काम सोपे करत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. लहान विक्रेत्याच्या हाती सौदाशक्तीच नसते. मोठा खरेदीदार अटींचा कागद पुढे करतो, तिथे प्रश्न विचारून काय होणार? प्रश्नांनी सौदाशक्तीची उणीव भरून निघत नाही, हे खरेच. पण अटींच्या कागदावर ओलावा किती टक्के हवा ते लिहिलेले असते. तो का हवा आणि न मिळाल्यास काय बिघडते, ते नसते. त्या 'का'मध्येच कंपनीला जागा सापडते: प्रतवारी शेतावर करून देणे, दर आठवड्याला ठरावीक गाड्या पाठवणे, गावनिहाय लॉट वेगळे ठेवणे. व्यापाऱ्याला यांतले काही जड जाते, कारण त्याचा माल दहा ठिकाणांहून मिसळून येतो. शिवाय पैसे किती दिवसांत मिळतात, वजनातली तूट कोण सोसतो, नमुना कोणाच्या प्रयोगशाळेत तपासला जातो, हेही प्रश्नच आहेत. ते संकोचाने शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवले जातात आणि सभासदांचे पैसे तिथेच अडकतात.

प्रश्न विचारणे म्हणजे उलटतपासणी मात्र नव्हे. छापील यादीतून एकामागून एक प्रश्न वाचणारा प्रतिनिधी सर्वेक्षकासारखा वाटतो. उत्तर ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढता यायला हवा, आणि त्यासाठी पिकाचे ज्ञान लागते. हे काम केवळ वाणिज्य पदवीधर व्यवस्थापकावर सोपवणे म्हणूनच अपुरे ठरते. त्याच्यासोबत वाळवणी आणि साठवण स्वतः केलेला एखादा शेतकरी संचालक असावा. कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणात अशा भेटीचा सराव करून घेता येईल: एकाने खरेदी अधिकारी व्हायचे, दुसऱ्याने दर न उच्चारता पंधरा मिनिटे बोलायचे. ही पंधरा मिनिटे किती अवघड जातात, ते पहिल्याच सरावात कळते.

विस्तार कार्यकर्त्याचा भाग इथून सुरू होतो. खरेदीदाराने सांगितलेले उत्तर वाण, काढणी आणि साठवण यांच्या भाषेत सभासदांपर्यंत परत न्यावे लागते आणि त्याला हंगामाची मर्यादा आहे. गुजरातेत बटाट्याची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि बियाण्याची मागणी त्याच्या बऱ्याच आधी नोंदवावी लागते. कंपनीचे प्रतिनिधी मात्र कारखान्याच्या दारात दिसतात ते फेब्रुवारीत, बटाटा शेतातून निघाल्यावर. त्या भेटीचा महिना जून असायला हवा.